किनारा जवळ असला तरी

महोदय,

छोट्या होडीतून निर्जन, खडकाळ किनाऱ्याने भटकण्याची ओढ मला चांगली ठाऊक आहे, मीही त्यातलाच. पण ‘किनारा जवळ, म्हणजे धोका कमी’ हा समज जीवघेणा आहे. वारा किनाऱ्याकडे वाहत असताना इंजिन बंद पडले, तर होडी खडकांवर जायला काही मिनिटे पुरतात. खोल समुद्रात निदान दुरुस्तीला उसंत मिळते. म्हणून नांगर कायम सोडण्याच्या तयारीत हवा आणि दोर पाण्याच्या खोलीच्या ५ ते ७ पट. ही खोली धरताना भरतीचे चढणारे पाणी अनेक जण विसरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर ती चूक फार महागात पडते.

मोबाइलवर विसंबू नका. होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा (बिनतारी संचाचा) चॅनेल १६ संकटकाळच्या हाकेसाठी आहे, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. उंच कड्याआडून हाक पोहोचेलच असे नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन (इशारा पाठवणारे छोटे यंत्र) उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला इशारा देतो. त्याचा लहान प्रकार लाइफ जॅकेटला अडकवता येतो, आणि कृपा करून ते जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका.

– एक वाचक