आत्याचं प्रकरण

पुणे

ती. बाबा व आईस सा. न.

बाबा, फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून पत्र. काल पुस्तकाची प्रुफं परत पाठवली. थोरल्या आत्याचं प्रकरण आहे तसंच ठेवलंय. गावाचं नाव बदललं, नदी बदलली, आडनाव तर कुणाचंच नाही. माळवद तेवढं राहू दिलं. त्याच्याशिवाय गोष्ट उभीच राहीना.

भावकी बोलेल, बाळूची सोयरीक जमत आलीय, सगळं कळतं मला. तामिळनाडूत पेरुमाळ मुरुगन यांच्यावर एका कादंबरीवरून गावानं, जातीनं असाच दाब आणला, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेला म्हणून जाहीर करून टाकलं. पुढच्या वर्षी मद्रास हायकोर्टानं बंदीची मागणी फेटाळली, लेखकाला पुन्हा लिहायला सांगितलं. पण बाबा, कोर्ट फार उशिरा येतं. आधी काकांचा फोन येतो. मी तर त्याच्याही आधी, कुणी काही म्हटलं नसताना, तीन वर्षं हे प्रकरण ट्रंकेत ठेवलं होतं.

तुम्हीच सांगायचात ना, निजामाची गश्ती ५३ होती, परवानगीशिवाय सभा नाही असा हुकूम, तरी आजोबा भजनाच्या नावाखाली माणसं जमवायचे? लाईट गेली की कंदिलाजवळ तुमच्या मांडीवर झोपेचं सोंग घेऊन मी ऐकायचे. तुम्हाला कळायचं, तरी तुम्ही हलायचा नाहीत.

आई, तुझं एक वाक्य मात्र काढलं. त्या दुपारी न्हाणीत बोललीस ते. कुणी काढ म्हटलं नव्हतं. ते तुझं आहे.

दारात कुणी आलं तर वाद घालायचा नाही. चहा द्या, "पोरीला विचारा" म्हणा, माझा नंबर द्या. इन्व्हर्टरची बॅटरी सोमवारी येईल, जारवाल्याला महिन्याचे दिलेत. बाबा, बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्या, आठवण झाली की नाही! आणि आईचे डोळे तपासून आणा. पोथी लांब धरून वाचते, सांगत नाही.

पुस्तक आलं की आधी तुम्ही दोघं वाचा. राग आला तर चार दिवस बोलू नका माझ्याशी, पण गोळी चुकवू नका.

येळवशीच्या अमावस्येला येतेच. शेतात सगळी भावकी असेल. अंबिलीचं मडकं यंदा मी डोक्यावर घेईन.

तुमची,
माई