स्ट्रायपरवरील मतांत गाणी कुठे आहेत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्ट्रायपर या अमेरिकन ख्रिस्ती हार्ड रॉक बँडच्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या १९८६ सालच्या अल्बमविषयी आपण श्रोत्यांची मते छापलीत, याबद्दल मनापासून आभार. या प्रकारच्या संगीताला मराठी वृत्तपत्रात सहसा जागा मिळत नाही. मात्र सारी मते वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकली. अल्बम आवडलेल्यांनी बँडच्या श्रद्धेची वाखाणणी केली आणि न आवडलेल्यांनी त्याच श्रद्धेवर बोट ठेवले. गिटार कशी वाजली आहे, कोणते गाणे जमले आणि कोणते फसले, याविषयी जवळजवळ कोणीच लिहिले नाही.

हा वाद अल्बमइतकाच जुना आहे, हे मान्य. कॅलिफोर्नियातील या चौघांनी बँडचे नाव बायबलमधील यशया या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील पाचव्या वचनाशी जोडले, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कपडे घातले आणि कार्यक्रम चालू असताना मंचावरून श्रोत्यांकडे बायबलच्या ‘नवा करार’ या भागाच्या प्रती फेकल्या. लांब केस, रंगवलेले चेहरे आणि कडाडणारी गिटार यांच्या जोडीने येशूचे नाव ऐकल्यावर चर्चमधील अनेक मंडळी बिथरली. दूरचित्रवाणीवरून प्रवचने देणारे जिमी स्वॅगार्ट यांच्यासारखे धर्मोपदेशक अशा संगीताविरुद्ध उघडपणे बोलू लागले. मेटल, म्हणजे हे जड रॉक संगीत, ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हा निव्वळ धर्मप्रचार वाटला. चार देवदूत सैतानाला खाईत लोटत आहेत, असे मूळ मुखपृष्ठ होते, तेही वादापायी बदलून साधे काळे करण्यात आले. इतके होऊनही अल्बमला अमेरिकेत दहा लाख प्रतींचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले आणि ‘ऑनेस्टली’ हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत २३व्या स्थानापर्यंत पोहोचले. ज्या संगीतावर दोन्ही बाजूंनी संशय घेतला जात होता, ते एवढ्या लोकांपर्यंत केवळ धर्माच्या बळावर गेले असेल, हे मला पटत नाही.

‘ऑनेस्टली’विषयी एका श्रोत्याची तक्रार आहे की, या गाण्यात देवाचे नाव स्पष्टपणे येत नाही आणि म्हणून ते बाजारासाठी केलेली तडजोड आहे. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. पियानोवर उभे राहिलेले हे संथ गाणे एका जिवाने दुसऱ्याला दिलेले साथीचे वचन आहे. ते वचन मित्राने दिले की परमेश्वराने, हे ऐकणाऱ्यावर सोडले आहे. खचलेल्या माणसाला धीर देणारे गाणे श्रद्धेच्या बाहेरचे कसे ठरते? देवाचे नाव किती वेळा आले, हे मोजून गाण्याची भक्ती ठरवायची झाल्यास या अल्बममधील सर्वांत कोमल गाणे आपल्याला गमवावे लागेल.

दुसऱ्या बाजूच्या एका श्रोत्याने अल्बममध्ये सक्तीचा उपदेश आहे, असे लिहिले आहे. त्यांनी ‘फ्री’ हे गाणे लक्ष देऊन ऐकले असेल, असे वाटत नाही. विश्वास ठेवण्यास तू मोकळा आहेस आणि पाठ फिरवण्यासही मोकळा आहेस, असे ते गाणे श्रोत्याला सरळ सांगते. आपले म्हणणे ठामपणे मांडून निर्णय समोरच्याच्या हाती देणे, याला सक्ती म्हणता येणार नाही.

आता संगीताविषयी, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे. बँडचे गायक मायकेल स्वीट यांचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा तो नुसता चिरकत नाही. शब्द स्पष्ट राहतात आणि सूर सुटत नाही. त्यांची आणि ऑझ फॉक्स यांची गिटार अनेक ठिकाणी एकच ओळ दोन वेगवेगळ्या स्वरांतून जोडीने वाजवते, आणि ती जोडवाजणी हीच स्ट्रायपरची खरी ओळख आहे, पट्टे नव्हेत. शीर्षकगीताचे धृपद अनेक आवाज एकमेकांवर रचून तयार केले आहे. सैतानाला धुडकावून लावणारी ती घोषणा एकट्या माणसाच्या तोंडी कदाचित पोरकट वाटली असती. समूहाने उच्चारल्यामुळे तिला उपासनेत एकत्र गाणाऱ्या लोकांचे वजन येते. अर्थ शब्दांत आहेच, पण त्याला बळ देण्याचे काम सुरांच्या रचनेने केले आहे. फॉक्स यांनी लिहिलेले ‘द वे’ तर इतके वेगवान आणि धारदार आहे की, ख्रिस्ती बँडला जड संगीत जमत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी तेच ऐकावे. शेवटचे ‘मोअर दॅन अ मॅन’ आपली श्रद्धा जराही न लपवता सांगते, आणि तरीही त्यातील गिटार कुठे मवाळ पडत नाही.

उणिवाही आहेत, आणि अल्बमवर प्रेम असणाऱ्यांनी त्या सांगायला हव्यात. ‘सिंग-अलाँग साँग’ आणि ‘रॉकिन द वर्ल्ड’ या गाण्यांचे शब्द घोषणेच्या पुढे जात नाहीत, चालीही लवकर विसरल्या जातात. ड्रमवर चढवलेला घुमारा त्या दशकाच्या ध्वनिमुद्रणाची खूण आहे, पण काही जागी तो रॉबर्ट स्वीट यांच्या वादनाचे बारकावे झाकतो. बास गिटारविषयी तर मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण एका पत्रात बँडचे बासवादक टिम गेन्स यांच्या वादनाची स्तुती आहे. गेन्स त्या सुमारास बँडबाहेर होते आणि अल्बमवरील बास ब्रॅड कॉब यांनी वाजवला आहे. गेन्स नंतर परतले. स्तुती ज्याची त्यालाच पोहोचावी.

देवाच्या नावाची मोजदाद करून मत देण्याची सवय बँडला पुढे बरीच महागात पडली. १९९० साली ‘अगेन्स्ट द लॉ’ हा अल्बम आला, त्यात उघड धार्मिक शब्द नव्हते आणि काळे-पिवळे पट्टेही गेले होते. वादन मात्र अधिक कसदार झाले होते. अनेक श्रद्धाळू श्रोत्यांनी तो नाकारला, इतरांनी बँडकडे आधीपासूनच पाठ फिरवली होती, आणि १९९२ साली मायकेल स्वीट बाहेर पडले. पुढे बँड पुन्हा एकत्र आला, हे आपले भाग्य. पण त्या अल्बमला ज्या वेळी मोकळ्या कानांनी ऐकायला हवे होते, ती वेळ निघून गेली.

म्हणून एक विनंती आहे. अशा एखाद्या अल्बमवर पुन्हा मते मागवाल तेव्हा किमान एका गाण्याविषयी, त्यातील वादन, चाल किंवा शब्द यांना धरून लिहावे, असे श्रोत्यांना सुचवावे. श्रद्धेविषयी लिहायचे असल्यास तेही जरूर लिहावे, पण ती गाण्यात नेमकी कुठे ऐकू आली किंवा कुठे खोटी वाटली, ते सांगून. मतांसोबत गाण्यांची यादी आणि वादकांची नावे छापलीत, तर बासच्या बाबतीत झाला तसा घोळही होणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक