दंड भावाला, भरला वहिनीने

मा. संपादक महोदय,

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना रात्री चौकात थांबवून मशीनमध्ये फुंकायला लावतात, ते योग्यच आहे. माझा धाकटा भाऊ तसाच दोनदा धरला गेला. तो लोडिंग रिक्षा चालवायचा. पहिल्यांदा दहा हजार दंड झाला, वहिनीने पाटल्या गहाण टाकून भरला. दुसऱ्यांदा पंधरा हजार, ते माझ्या पेन्शनमधून गेले. त्याच्या खिशाला झळ लागलीच नाही. लायसन्स निलंबित झालं. ते परत हवं तर गाडी चालवण्याचं उजळणी प्रशिक्षण घ्या, असं कायदा सांगतो. अहो, गाडी चालवायला तो विसरला नव्हता! सकाळी त्याला चहाचा कप धरता येत नसे. क्वार्टर पोटात गेली की मगच हात थांबत. याबद्दल एकाही तारखेला कुणी विचारलं नाही.

शेवटी आम्हीच त्याला भरती केलं. दारू बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी फिट आली, तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. घरी एकदम सोडवली असती तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दंडाचे पैसे नसते आणि त्या रात्री तो कोठडीत असता तर? हा विचार अजून माझी झोप उडवतो.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ३९ नुसार थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाला, त्याची तयारी असेल तर, कोर्ट उपचाराला पाठवू शकतं आणि वर्षभरात अहवाल मागू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मात्र कैद आणि दंड, एवढंच. तिथेही ही वाट हवी. उपचार अर्धवट सोडला तर खुशाल तुरुंगात टाका, आणि डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत लायसन्स देऊ नका. ज्याने कुणाला चिरडलं त्याला सूट द्या, असं मी म्हणत नाही. त्या घरच्यांसमोर तसं म्हणायची माझी छाती नाही.

भाऊ चौदा महिने गोळ्या घेतो आहे, गोदामात हमाली करतो. रिक्षा आम्ही विकली.

आणि चालानच्या कागदावर व्यसनमुक्तीचा १४४४६ हा मोफत नंबर छापायला तर कायदा बदलावा लागत नाही. आम्हाला तो भाऊ भरती झाल्यावर कळला.

— एक बहीण, रामबाग, इंदूर
(घरात लग्नाची मुलगी आहे, म्हणून नाव देत नाही.)