घरगुती पवनचक्कीत निम्मा पैसा खांबावर खर्च व्हावा

महोदय,

पंख्याच्या जुन्या मोटरला प्लास्टिकच्या पाइपची पाती लावून घरच्या घरी वीज तयार करण्याच्या चित्रफिती सध्या मोबाइलवर फिरत आहेत आणि त्या पाहून आमच्या पाटण तालुक्यातली शाळा-कॉलेजची मुले पदरमोड करून तसे प्रयोग करू लागली आहेत. मुलांच्या या धडपडीचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र यांतले बरेचसे प्रयोग पहिल्याच वळिवात मोडून पडतात, कारण कोणत्या गोष्टीवर आधी पैसे घालायचे हेच या चित्रफितींत उलटे सांगितलेले असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे वायरमन व्यवसाय शिकवला असल्याने याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. पात्यांच्या फेऱ्याचा व्यास 1.2 मीटर धरला आणि घाटमाथ्यावरची विरळ हवा लक्षात घेतली, तर सेकंदाला 3 मीटर वेगाच्या वाऱ्यात घरी केलेले चांगले यंत्रही जेमतेम 4 वॅट देईल, तर 6 मीटर वेगाला तेच यंत्र 33 वॅटच्या आसपास जाईल. कोणतीही पवनचक्की वाऱ्यातल्या शक्तीच्या 59.3 टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे; आपल्या घरगुती यंत्राने वाऱ्यातल्या एकूण शक्तीचा पाव हिस्सा पकडला तरी ते उत्तम काम समजावे. तेव्हा महागडी चुंबके आणून मोटर सुधारण्यापेक्षा तीच मोटर घरे-झाडांच्या वर, मोकळ्या वाऱ्यात नेण्याने कितीतरी जास्त वीज मिळते. आसपासच्या शंभरेक मीटरमधल्या सर्वांत उंच झाडाच्या किंवा घराच्या वर निदान 9 मीटर पाती असावीत, असा जाणकारांचा दंडक आहे. घराच्या छतावर तर पवनचक्की बसवूच नये. तिथला वारा भोवऱ्यात सापडलेला असतो आणि यंत्राची थरथर भिंतींत उतरते. दहा हजार रुपये हाताशी असतील तर त्यातले पाच हजार खांब, तारेचे ताण आणि जमिनीतले खुंटे यांसाठी बाजूला काढावेत. खांबाच्या बुडाशी बिजागरी ठेवावी, म्हणजे दुरुस्तीसाठी कोणाला वर चढावे लागत नाही आणि वादळाची चाहूल लागताच खांब आडवा करता येतो.

मोटरच्या बाबतीतही फसवणूक होते. आपल्या घरातल्या साध्या पंख्याच्या मोटरमध्ये चुंबक नसतात, त्यामुळे ती नुसती फिरवून वीज मिळत नाही. मोटारगाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीची बॅटरी चार्ज करणारे जनित्र) थेट पात्यांना जोडणेही व्यर्थ आहे; तो मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे झाल्याशिवाय काही देत नाही. भंगारवाल्याकडे शोधायची ती विजेवरच्या सायकलची, गिअर नसलेली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसवलेली मोटर. तिची पारख दुकानातच करता येते. तिच्या तीन जाड तारा सुट्या ठेवून चाक हाताने फिरवावे, ते हलके फिरेल. मग तिन्ही तारांची टोके एकत्र पिळून पुन्हा फिरवावे, चाक एकदम जड होते, जणू चिखलात रुतले आहे. असे झाले तर चुंबक आणि वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) शाबूत आहेत असे समजावे. तीन तारा सहा डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या) ब्रिजमधून नेल्या की बॅटरी चार्ज करण्याजोगी डीसी वीज मिळते, आणि त्याच तीन तारा खांबाच्या खाली एका स्विचने एकमेकींना जोडण्याची सोय केली की तोच ब्रेक होतो.

सर्वांत मोठा धोका याच्या पुढे आहे. मुले सौरपॅनेलसाठीचा साधा चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग आवरणारे यंत्र) पवनचक्कीला जोडतात. बॅटरी भरली की तो कंट्रोलर जोडणी तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, पण पवनचक्कीवरचा भार गेला की पाती बेफाम फिरू लागतात. सेकंदाला 8 मीटर वाऱ्यात चांगल्या कोरलेल्या पात्याचे टोक भार असतानाही ताशी 170 किलोमीटरच्या घरात पळत असते. भार सुटल्यावर पाइपचे पाते तुटून किती लांब जाईल ते सांगता येत नाही. म्हणून जास्तीची वीज जाळून टाकणारा हीटरसारखा भार जोडलेला हवा आणि जोरदार वाऱ्यात पाती आपोआप बाजूला वळवणारे शेपूट हवे. बॅटरीला लागून फ्यूज आणि खांबाला अर्थिंग यांत काटकसर करू नये.

मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाने 2002 साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा, डायनॅमो, पाइपची पाती आणि निलगिरीचे वासे यांतून पवनचक्की उभी केली. दुष्काळाने त्याची शाळा सुटली होती. त्याला घरात काही दिवे लावायचे होते आणि रेडिओ चालवायचा होता, आणि तेवढे त्याने साधले. गरज इतकी छोटी आणि नेमकी असेल तर असे यंत्र खरोखर उपयोगी पडते. आज मात्र केवळ दिवा आणि मोबाइल चार्जिंग हवे असेल, तर आपल्याकडच्या बहुतांश गावांत छोटे सौरपॅनेलच स्वस्त आणि बिनघोर पडते, हे मुलांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आमच्या घाटमाथ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. जून ते सप्टेंबर इथे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, पॅनेल जवळपास निरुपयोगी होते, भर पावसात लाईन तुटली की वाड्या-वस्त्या अंधारात राहतात, आणि नेमका त्याच काळात वारा सर्वांत जोराचा असतो. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर मोठ्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. म्हणून छोट्या पॅनेलच्या जोडीला छोटी पवनचक्की हा इथे शहाणपणाचा विचार आहे.

माझी मागणी अशी की सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांनी आपल्या आवारात बिजागरीचा एक खांब उभारावा, वाऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र मुलांना महिनाभरासाठी उसने द्यावे आणि विज्ञान प्रदर्शनात पवनचक्की मांडणाऱ्या प्रत्येक गटाकडून वाऱ्याचा वेग व मिळालेले वॅट यांची रोजची नोंदवही मागावी. पेटलेला दिवा पाहून गुण देण्याऐवजी परीक्षकांनी ही वही आणि ब्रेक तपासावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
पाटण, जि. सातारा