शाळेच्या चिठ्ठीतली ‘शिक्षा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या एका शाळेच्या कार्यालयात मी ३१ वर्षं आवक-जावक सांभाळली. निवृत्त झालो तरी लोकमान्यनगरातल्या माझ्या घरी शाळेचे कागद घेऊन लोक येतात, अर्ज लिहून मागतात. त्यातलाच एक अनुभव शाळांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचावा म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात एक बाई संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहिली. मूळची जळगावकडची, वर्षभरापूर्वी इंदुरात आलेली. नवरा पीथमपूरला कारखान्यात, ती नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरते. मुठीत चार घड्या घातलेली चिठ्ठी होती. म्हणाली, “काका, पोराला शिक्षा करणार आहेत. त्यानं काय केलं ते तरी विचारून द्या.” मुलगा चौथीतला, तिच्या मागे उभा. दोन दिवस धड जेवला नव्हता.

चिठ्ठी अशी होती : “आपके पुत्र की शिक्षा के संबंध में प्रातः ११ बजे अनिवार्यतः उपस्थित हों, अन्यथा कार्यवाही की जाएगी।” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय, ते मराठी वाचकांना सांगायला नको. बाजारातली, बसमधली हिंदी ती सहज बोलते. पण कागदावर, शाळेच्या शिक्क्याखाली ‘शिक्षा’ आणि त्याच ओळीत ‘कार्यवाही’ दिसल्यावर आईच्या मनात दुसरं काय येणार? (शाळेत मारणं किंवा मानसिक त्रास देणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलं आहे, हे मी तिला आधी सांगितलं. तेव्हा कुठे ती ओट्यावर बसली.)

तिचं उत्तर आम्ही मिळून लिहिलं. ती मराठीत सांगत गेली, मी हिंदीत उतरवलं. मुलाचं नाव, इयत्ता, स्कॉलर नंबर (शाळेच्या रजिस्टरातला मुलाचा क्रमांक). आपली चिठ्ठी मिळाली. मी ९ ते ६ कामावर असते, ११ वाजता आले तर दिवसाची मजुरी जाते. शनिवारी सकाळी ८ वाजता येऊ शकेन. मुलाबद्दल काय बोलायचं आहे ते थोडक्यात कळवावं, ही विनंती. बस, एवढंच. शाळेनं शनिवार मान्य केला. वर्गशिक्षिकेला सांगायचं होतं ते इतकंच, की मुलगा वाचनात मागे पडतोय, रात्री दहा मिनिटं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. मग हेच वाक्य चिठ्ठीत लिहिलं असतं तर?

शाळेच्या चिठ्ठीचा तो मसुदा कोणाच्या दुष्टपणातून आलेला नाही, हे मी खात्रीनं सांगतो. अशा चिठ्ठ्या मी स्वतः शेकड्यांनी टाइप केल्या आहेत. कधी काळी कोणीतरी केलेला नमुना, त्यात नाव आणि तारीख बदलायची. ज्या घरात ती जाईल तिथे ती कोण वाचणार, हा विचार मी नोकरीत असताना केला नाही, याचं आज वाईट वाटतं.

पालकांच्या बाजूनंही तेच. ‘सविनय निवेदन’, ‘महती कृपा होगी’, ‘आपका आज्ञाकारी शिष्य’ हा सुट्टीचा अर्ज आपण लहानपणी पाठ केला आणि चाळिशीतला बाप मुलाच्या टीसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, तोच लिहितो. अर्धं पान विनवण्यांत जातं. मुलाचा वर्ग, स्कॉलर नंबर, दाखला कधीपर्यंत हवा, हे राहूनच जातं. मग कार्यालयात दाखल-खारिज रजिस्टर (शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही) चाळायचं कशाच्या आधारे?

एक आजोबा नातवाच्या टीसीसाठी एका शाळेत तीनदा जाऊन आले. सहावीतला नातू पुण्याच्या अनुदानित शाळेत जायचा होता. तिन्ही वेळा तोंडी बोलणं, तिन्ही वेळा ‘उद्या या’. शिक्षण हक्क कायद्याचंच कलम ५ सांगतं की मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. मी त्यांना अर्जाच्या दोन प्रती करून दिल्या. कलमाचा उल्लेख एका ओळीत, सौम्यपणे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, म्हटलं. चौथ्या दिवशी दाखला मिळाला. रजिस्टरवर चढलेल्या कागदाचा जबाब कोणाला तरी द्यावा लागतो, तोंडी बोलण्याचा नाही.

आपल्या जुन्या माणसांची पत्रं आठवा. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि ‘विशेष’नंतर थेट काम. नमस्कार एकदाच. मान दिला, पण गयावया नाही. शाळेला लिहिताना हीच रीत मला योग्य वाटते. शाळांनीही घरी चिठ्ठी पाठवताना कशासाठी बोलावलं आहे ते पहिल्याच ओळीत लिहावं, भेटणाऱ्या शिक्षकांचं नाव द्यावं, ‘अन्यथा’ काढून टाकावा आणि कामावर जाणाऱ्या आईबापांना दुसरी एखादी वेळ सुचवायची मुभा ठेवावी. साध्या कागदावरचा अर्ज ‘छापील फॉर्म आणा’ म्हणून परत करू नये.

परवा त्या चौथीतल्या मुलाला ताप आला. आईनं या वेळी अर्ज स्वतः लिहिला, पाच ओळींचा, आणि फक्त दाखवायला आणला. तारीख तेवढी राहिली होती. ती मी तिलाच घालायला सांगितली.

आपला,
एक निवृत्त शालेय लिपिक,
लोकमान्यनगर, इंदूर