वाचनालयातली मासिकं बंद पडू देऊ नका: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

लांजा तालुक्यातनं लिहितोय. गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसतो, ग्रंथालयं तुमच्या खात्यात येतात म्हणून पत्र तुम्हालाच.

शिवजयंतीच्या भाषण स्पर्धेआधी सातवीतला एक पोरगा आला. भाषण तोंडपाठ, अफझलखान, वाघनखं, शाहिस्तेखानाची बोटं, सगळं झकास. मी त्याला एका वैचारिक मासिकाचा जुना अंक काढून दिला, त्यात महाराजांनी 1676 साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रावर लेख होता, आणि प्रभावळी म्हणजे आजचं प्रभानवल्ली, ते तर आमच्याच तालुक्यात! रयतेच्या भाजीच्या देठाचीही हाव धरू नको, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे दे, खायला नसेल तर दाणे दे, आणि वसूल करताना वाढीदिढी न लावता नुसतं मुद्दल हळूहळू घे, असं राजा आपल्या अधिकाऱ्याला बजावतोय. पोरगा म्हणाला, "म्हणजे महाराज बिनव्याजी कर्ज द्यायचे?" त्याच्या बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला ते पत्र माझ्याआधी कळलं.

साहेब, महाराज एकच, पण 1869 च्या पवाड्यात जोतीराव फुल्यांनी त्यांना कुळवाडीभूषण, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण म्हटलं, आणि टिळकांनी केसरीतून समाधीचा विषय लावून धरला, 1896 ला रायगडावर उत्सव झाला, तो स्वराज्यासाठी. कोण कुठली बाजू पुढे करतो त्यावर वाचणारा काय शिकतो ते ठरतं. पुतळ्याखाली उभं राहून हे कळत नाही, दोन्ही बाजू शेजारीशेजारी छापणारं, त्यावर वाद घालणारं मासिक लागतं.

बाबासाहेबांचंच बघा. आमच्याकडे 14 एप्रिल एका वाडीत होतो, बाकीच्या वाड्या बघत बसतात, हे मला फार लागतं. खोतांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांनी, कोकणातल्या कुळांना किती पिळलं ते म्हातारी माणसं अजून सांगतात, ती खोती मोडायचं बिल 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी आणलं, 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला, आणि त्यातली कितीतरी कुळं कुणबी होती! कायदा व्हायला 1949 उजाडलं. हे मलासुद्धा चाळिशीत एका मासिकातल्या लेखामुळे कळलं. तो लेख मी कुणबीवाडीत वाचून दाखवला, तेव्हा एक आजोबा म्हणाले, आमचा बापूस गेला होता त्या मोर्चाला, पण कोणाचा मोर्चा ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता मागणी. आमच्यासारख्या ड वर्गाच्या, म्हणजे अनुदानात सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात पेपरचं बिल भागवल्यावर मासिकांच्या वर्गणीला काही उरत नाही, आमची दोन बंद झाली. वैचारिक नियतकालिकांसाठी अनुदानात वेगळी रक्कम ठेवा, मासिकं कुठली घ्यायची ते मात्र वाचनालयाला ठरवू द्या, सरकारी यादी नको. एकाच महापुरुषावर एकमेकांशी भांडणारे दोन अंक आमच्या टेबलावर असू देत.

तो पोरगा अजून येतो, पुढचा अंक कधी येणार विचारतो.

आपला,
एक वाचनालय कार्यकर्ता, लांजा