पिले हिरावलेलं अस्वल

प्रिय विजू,
सप्रेम सलाम.

आमचं सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीत धरतात, बाकी बरी आहे. आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

ओढ्यापलीकडच्या उसात बिबट्याने ऊसतोडीवाल्यांच्या एका पोरावर झडप घातली. खांदा फाटला, पण वाचलं पोर. त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बायबलातल्या होशेय संदेष्ट्याचा १३ वा अध्याय काढला. वाटेवर टपलेल्या बिबट्याचं वचन वाचलं आणि म्हणाले, देव असाच न्याय करतो. पोराची आजी मागे सतरंजीवर बसली होती. तिने पदर तोंडात कोंबला.

विजू, त्यांनी वाचलं सातव्या वचनापासून. सहावं गाळलं! चरायला मिळालं, पोटं भरली, मनं चढली, मग मला विसरले, असं देव तिथे म्हणतो. सिंह, बिबट्या, पिले हिरावलेलं अस्वल होऊन त्यांना फाडीन, असं तो त्यानंतर म्हणतो. धमकी आहे ती पोट भरलेल्यांना. त्याच काळातला संदेष्टा आमोस तर स्पष्टच बोलतो: हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, कळपातली कोकरं खाणारे, एका वहाणांच्या जोडासाठी गरिबाला विकणारे. दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीतलं शोमरोन ते, इस्राएलाची राजधानी, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने घेतलं. उचल घेऊन फडावर आलेल्यांचं पोर त्या पलंगावर कुठून येणार? ते तर विकलेल्यांतलं.

आणि आमोसच्याच शब्दांत, सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ काय सोडवतो? दोन तंगड्या, नाहीतर कानाचा तुकडा. आमोस स्वतः तकोवाचा मेंढपाळ, त्याला माहीत होतं. निर्गम पुस्तकातला नियमच आहे, राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं तर उरलेलं पुरावा म्हणून आणून दाखव, मग भरपाई लागत नाही. आपल्याकडे शेळी गेली की वनखात्याचा पंचनामा होतो ना, तसंच. म्हणजे शोमरोनची सुटका एवढीच, मेल्याचा पुरावा.

होस्टेलवर तू म्हणायचास, पिले हिरावलेलं अस्वल वाच, ते रागावलेलं नाही, दुखावलेलं आहे. आणि लगेच होशेयाचाच अकरावा अध्याय, देव इस्राएलाला म्हणतो, 'एफ्राईमा, मी तुला कसा सोडून देऊ?' मी म्हणायचो, दुखावलेलं असो नाहीतर रागावलेलं, काळजाचं आवरण फाटतंच. आजही तेच म्हणतो. पण त्या आजीकडे बघताना तुझंच आठवलं.

खरी धास्ती पुढची आहे. अलीशा संदेष्ट्याच्या गोष्टीतल्या दोन अस्वलिणींवरून आपण खानावळीत वरण गार होईपर्यंत भांडलो होतो. तू ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलास, आणि माझं लोणचंही नेलंस. उद्या त्या गृहस्थांनी २ राजे २ काढला, तर? तिथे पलंगावरचे श्रीमंत नाहीत. अलीशाला टकल्या म्हणून चिडवलं म्हणून अस्वलिणींनी फाडलेली बेचाळीस पोरं आहेत. होशेय मला सांगता येतो, आमोस सांगता येतो. ही पोरं मला कुठेच बसवता येत नाहीत, आणि ती आजी सभेला येणारच.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीची बारावी यंदाच ना? वहिनींना सलाम.

येत्या रविवारी वाचन माझ्याकडे आहे. सहाव्या वचनापासून वाचणार, आजीला पुढे बसवून. त्याआधी अलीशाचं तुझं मत लिहून पाठव. फोन नको, फोनवर तू नुसता हसतोस.

तुझा,
दिन्या